गेथिनने कण्हायचं नाही

वेल्समधल्या आमच्या ट्रेवॉनमध्ये डेव्हिस इतके आहेत की नुसतं 'ए डेव्हिस' म्हणून हाक मारली तर अर्धं चॅपल मागे वळून बघतं, आणि उरलेलं अर्धं वळत नाही कारण ते जोन्स आहे. म्हणून आम्ही प्रत्येकाच्या नावाला काहीतरी लटकावून देतो. माणूस पोटासाठी जे करतो ते, नाहीतर त्याने जे एकदाच केलं आणि आम्ही जन्मभर विसरू दिलं नाही ते. मांसाच्या दुकानातला इद्रिस हा 'इद्रिस खाटीक'. बँकेच्या फिरत्या दारात तरुणपणी एकदा अडकलेला हाऊएल आज सत्तरीला आला तरी 'हाऊएल दार'च आहे. त्याच्या नातवालासुद्धा शाळेत 'दार' म्हणतात.

गेथिन डेव्हिससाठी मात्र आम्हाला डोकं खाजवावं लागलं नाही. त्याचा बाप मयताची गाडी चालवायचा. बाप थकल्यावर गेथिन चालवायला लागला. तो झाला 'गेथिन सावकाश'.

त्या काळ्या, लांबलचक गाडीला पाच गिअर होते म्हणतात. दुसऱ्या गिअरच्या वरचे शेवटपर्यंत कोरे करकरीत राहिले. गेथिन चॅपलच्या फाटकातून निघाला की फुटपाथवरच्या बाप्यांच्या टोप्या उतरायच्या, बायका पिशव्या खाली ठेवायच्या, आणि आख्खा गाव आपापल्या गाड्यांतून मुंगीच्या चालीने मागे लागायचा. त्याला कुणी ओव्हरटेक करत नसे. डोंगरातल्या चिंचोळ्या रस्त्यावर समोरून कुणी आलंच, तर तो समोरचाच मुकाट्याने शंभर पावलं मागे जायचा. त्यामुळे गाडी रिव्हर्स घेणं ही गोष्ट गेथिनला कधी नीट शिकावीच लागली नाही.

निवृत्त झाला तेव्हा मालकांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला उभ्या जन्मात कधी घाई झाली नाही त्याला घड्याळ! ते टांगून झालं, दोनेक आठवडे त्याची टिकटिक ऐकून झाली, आणि मार्चच्या एक तारखेला, संत डेव्हिडच्या सणाला, सगळं गाव कोटाला डॅफोडिल लावून फिरत असताना गेथिन घरासमोर येऊन थांबला तो त्या फुलांहून पिवळ्या गाडीत. बुटकी, रुंद, तीन दारांची. दिसायला मास्तरणीची वाटावी आणि आवाजावरून वाटावं की पोटात अस्वल कोंडलंय.

त्याची बायको नेरिस हात पुसत बाहेर आली.

"हे काय आहे?"

"गाडी."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"आपली."

"आपली गाडी निळी होती, गेथिन. तिच्यात आपण दोघं, मॉर्फिड आंटी, कुत्रा आणि आठवड्याचा बाजार बसायचा."

"हिच्यातही बसतो. जरा... सरकून बसायचं. जुनी आहे, पण दोनशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात."

"आणि हाकणार कोण? तू? तुला आजवर एक घोडा पळवता आलेला नाही." नेरिस गाडीभोवती एक फेरी मारून आली. "आणि त्या बुटक्या सीटवरून उठणार कसा? सोफ्यावरून उठताना तू गाय व्यायल्यासारखा ओरडतोस."

मागोमाग विन्डम आला होता. विन्डम गॅरेज. त्यानेच ही गाडी विकली होती आणि विकल्या क्षणापासून त्याला हळहळ लागली होती. तो म्हणाला, "वहिनी, हिचा जीव रमला नाही तर मी आहे. आणली तशी परत घेईन."

"रमेल की," नेरिस म्हणाली. "गेथिन, ऐक. पुढच्या संत डेव्हिडपर्यंत ठेव. पण शोभेला नाही, रोजची गाडी म्हणून. चॅपल, बाजार, दवाखाना, माझ्या बहिणीचं घर, सगळं हिच्यातून. आणि तोंडातून 'आई गं' नको. एकदा जरी कण्हलास, की त्याच दिवशी गाडी विन्डमच्या दारात. विन्डम, तू साक्षीला."

"आनंदाने," विन्डम म्हणाला, आणि तो खरोखर आनंदाने म्हणाला.

नेरिसच्या कानात नुकतंच ऐकू येण्याचं मशीन बसवलं होतं. शेजारच्या घरात कुणी बिस्कीट मोडलं तरी तिला कळायचं. त्यामुळे गेथिनला पळवाट नव्हती. आणि आम्हाला, तुम्हाला म्हणून सांगतो, वर्षभर दुसऱ्या करमणुकीची गरज पडली नाही. गेथिनची गाडी दुकानासमोर लागली की आतली गिऱ्हाइकं बोलायची थांबायची आणि कान टवकारायची.

पण गडी हिकमती. उतरताना कधी किल्ली खाली पाडायचा, म्हणजे गुडघ्यावर यायला निमित्त. कधी दाराला धरून आभाळाकडे बघत उभा, जणू पावसाचा अंदाज घेतोय. त्याची सगळ्यात नामी युक्ती म्हणजे स्तोत्र गुणगुणणं. बूड सीटवरून सुटायचं त्याच क्षणी खालच्या पट्टीत एक लांब 'आ' सुरू व्हायचा आणि तो सरळ उभा राहीपर्यंत त्याचं स्तोत्र झालेलं असायचं.

"तुला इतका भक्तिभाव पार्किंगमध्येच कसा दाटून येतो रे?" नेरिस विचारायची.

गाडीचा संसार सोपा नव्हता. आधीचा मालक स्वान्सीचा कुणी हौशी पोरगा. त्याने सायलेन्सर काढून त्या जागी असं काही बसवलं होतं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागून फाट-फाट बार निघायचे. पोस्टाच्या रांगेतल्या म्हाताऱ्या छातीवर हात ठेवायच्या. आणि आमच्याकडे आता गावात सगळीकडे ताशी वीस मैल! वीसच्या चालीत ती बिचारी खोकायची, हिसके द्यायची, लग्नात कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या पहिलवानासारखी चुळबुळ करायची. सस्पेन्शन दगडाचं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा गेथिनला कुठल्या ना कुठल्या मणक्याच्या नावाने ओळखू येऊ लागला. डिकीत बटाटे गेले की कोबी नेरिसच्या मांडीवर. कुत्र्याने एकदा आत बसून पाहिलं आणि त्यानंतर गाडीचं दार उघडलं की तो बागेत जाऊन मेल्याचं सोंग करायला लागला.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे ती पळतच नव्हती. गावातलं सोडा, डोंगरावर साठची मर्यादा आहे तिथेसुद्धा नाही. गेथिनचा पाय जरा दाबू म्हणाला की समोर एखादा म्हातारा दिसायचा. गेथिनचा चेहरा काचेआड पाहून त्या म्हाताऱ्याचा हात सवयीने टोपीकडे जायचा, आणि टोपी उतरली की गेथिनचा पाय आपोआप हलका व्हायचा. दोन्ही बाजूंच्या सवयी इतक्या जुन्या, की पिवळा रंग त्यांच्या आड येईना.

क्लबात बसून तो स्वतःच सांगायचा, "मी म्हणजे काय माहितीय का? मौनव्रत घेतलं आणि घरी येताना लाऊडस्पीकर विकत आणला."

"मग दे ना मला," विन्डम लगेच म्हणायचा.

"नाही रे बाबा."

का नाही, ते त्याला सांगता यायचं नाही. पण आम्ही बघत होतो ना. गाडी लावून चार पावलं गेला की तो मागे वळून बघायचा. नेरिसकडे त्याने तसं वळून कधी बघितलं असेल तर तिला आठवत नव्हतं. जन्मभर त्याने दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याच्या दुःखासाठी, दुसऱ्याच्या वेगाने चालवली होती. ही एक होती, जिच्यात बसून त्याला कुठलाच चेहरा करावा लागत नव्हता. फक्त कण्हायचं नाही, एवढंच.

त्या बाबतीत त्याला खरा आधार होता मॉर्फिड आंटीचा. आंटी शेजारच्या घरात राहायची, नव्वदी ओलांडलेली, दर रविवारी याच गाडीतून चॅपलला यायची. तिला कण्हायची मुभा होती आणि ती तिचा पुरेपूर उपयोग करायची. चढताना, उतरताना, प्रत्येक स्पीडब्रेकरवर. गेथिन तिला हात द्यायच्या निमित्ताने तिच्या कण्हण्याला लटकून आपलंही थोडं उरकून घ्यायचा. नेरिसच्या मशीनलासुद्धा दोघांतला फरक कळत नसे. आंटीला अर्थात कळत होतं.

"माझं झालं हं," ती कानात पुटपुटायची. "तुझं राहिलं असेल तर मी परत बसून उठते."

आणि दर रविवारी विचारायची, "गेथिन, ही जोरात जाते म्हणतात, ते नक्की कधी?"

"जाऊ आंटी, एकदा जाऊ."

"लवकर काय ते बघ. त्या काळ्या गाडीतून नेलं तर मला मेलीला कळणार नाही."

फेब्रुवारीच्या मध्यावर आंटी झोपेतच गेली. पुरायचा दिवस ठरला तो संत डेव्हिडच्या सणाच्या चार दिवस आधीचा. गेथिनला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण खोटं कशाला बोला, अंत्ययात्रेच्या दिवशी चॅपलसमोर गाडीतून उतरताना त्याला हेही वाटलं की आता आपलं कण्हणं झाकायला कुणी उरलं नाही.

गाडी त्याने लावली ती सवयीने फाटकाच्या अगदी तोंडाशी, जिथे आयुष्यभर मयताची गाडी लावली तिथे. मयताच्या गाडीचा कार्डिफहून आलेला नवा ड्रायव्हर, काळा चष्मा लावलेला, त्याला आपली गाडी पलीकडच्या अंगाला लावावी लागली.

आत प्रार्थना संपत आली आणि नेरिसने गेथिनची बाही ओढली. अंत्यविधीनंतरच्या चहाची व्यवस्था तिच्याकडे होती.

"हॅम आलेलं नाही."

"काय?"

"हॅम! इद्रिसने पाठवलंच नाही. आंटीला हॅमशिवाय पुरलं तर हे गाव पुढची वीस वर्षं माझ्या नावाने बोलत राहील. चल, ऊठ. मी पण येते, तू कसलेही काप उचलून आणशील."

आमच्यात हॅमशिवाय, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गार कापांशिवाय, मयताचा चहा म्हणजे काय, ते मी सांगायला नको. चॅपलचा पाळक एकवेळ चुकला तरी चालतो.

दोघं मागच्या दाराने निघाली. त्याच वेळी शवपेटी बाहेर आली. नव्या ड्रायव्हरने फोनमध्ये पाहिलं, फोनने त्याला नवा रस्ता दाखवला, आणि तो पाळकाला शेजारी बसवून उजवीकडून वर दफनभूमीकडे निघून गेला. गायकमंडळाची बस दार लावून तयारच होती, ती त्याच्या मागे. बाकीचे लोक अजून हातमिळवणी करत, डोळे पुसत, गाड्यांची दारं उघडत होते. ते मान वर करून बघतात तो काय, फाटकाच्या तोंडाशी, नेहमीच्या जागी, गेथिन डेव्हिस गाडी सुरू करतोय.

तो डावीकडे वळला, नदीकाठच्या जुन्या रस्त्याने. आजवर प्रत्येक अंत्ययात्रा त्याच रस्त्याने गेली होती. इद्रिसचं दुकानही त्याच रस्त्यावर.

"जोरात चल ना," नेरिस म्हणाली.

पण फुटपाथवर हाऊएल दार उभा होता. त्याने टोपी काढली. त्याच्या शेजारच्याने काढली. गेथिनचा पाय हलका झाला, पाठ ताठ झाली, आणि चेहऱ्यावर तो जुना, न हसणारा चेहरा आपसूक येऊन बसला. दुसरा गिअर, मुंगीची चाल. आणि मागे एक, दोन, दहा करत सगळा गाव दिवे लावून रांगेत लागला. सगळ्यात पुढे आंटीची मुलगी एलुनेड, खास कॅनडाहून आईसाठी आलेली. पेटी कुठे आहे हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. गेथिन पुढे आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं.

इद्रिस खाटीक हॅमचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. त्याने गेथिनला पाहिलं, ट्रे सांभाळत कशीबशी टोपी काढली, आणि मग त्याची नजर मागे मागे जात नदीच्या वळणापर्यंत गेली.

"गेथिन," तो हळूच म्हणाला, "हॅम न्यायला एवढी माणसं लागतात होय रे?"

गेथिनने आरशात पाहिलं. मागे वळणापर्यंत दिवेच दिवे.

एलुनेड उतरून खिडकीशी आली. काळी टोपी, काळे हातमोजे, भक्कम बाई. "गेथिन, का थांबलो? आणि आई कुठे आहे?"

यावर द्यायला योग्य उत्तर वेल्श भाषेत नाही आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. गेथिन म्हणाला, "पुढे गेलीय."

"आणि आपण?"

"आपण... हॅम घेतोय."

मागे गोंधळ माजला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भिंत. वळायला जागा नाही, एकेकाने रिव्हर्स घ्यायचं म्हटलं तर चहाची वेळ टळून जेवणाची होणार. पाळकाला पुढे डोंगरापलीकडे दुसरा विधी होता, तो फार थांबणार नव्हता. गेथिनच्या पुढे मात्र रस्ता मोकळा होता, दुकानावरून सरळ डोंगरावर, दफनभूमीच्या वरच्या फाटकापर्यंत; बाकीची रांग मागून सावकाश आली तरी चाललं असतं, लेक वेळेत पोचायला हवी होती.

"एलुनेड, आत बस," नेरिस म्हणाली.

"मागचं दार कुठाय?"

"नाहीये. पुढून."

त्या बाईंना मागच्या सीटवर पोहोचवण्याचं काम इद्रिस आणि नेरिस दोघांनी मिळून केलं. त्याचं वर्णन मी करणार नाही; एलुनेड अजून हयात आहे आणि तिला मराठी येत नसली तरी माणसं सांगतात. टोपी आधी गेली, मग बाकीची. मांडीवर हॅमचा ट्रे दिला. नेरिस पुढे बसली, पट्टा आवळला आणि नवऱ्याकडे वळली.

"गेथिन. चालव."

"किती?"

"अरे, साठची पाटी आहे ना? मग साठ!"

डोंगरावर टोपी काढायला कुणी नव्हतं. फक्त मेंढ्या. गेथिनने पाय दाबला. अस्वल जागं झालं. तिसरा, चौथा. वर्षभर खोकणारी, हिसके देणारी ती गाडी एकाएकी शहाण्यासारखी वळणं घेऊ लागली, जणू म्हणत होती, एवढंच हवं होतं की मला. मेंढ्या उधळल्या, नेरिसने डॅशबोर्ड धरला, मागून एलुनेडचा आवाज आला, "आईला हे फार आवडलं असतं!"  एकदा जाऊ, असं गेथिन आंटीला म्हणाला होता. वळणावर पाय उचलला तेव्हा मागून फाट-फाट बार उडाले, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांची लाज वाटली नाही.

वरच्या फाटकाशी गाडी थांबली. खाली खड्ड्याशी पेटी, हातातल्या घड्याळाकडे बघणारा पाळक, घामाघूम झालेला कार्डिफवाला, आणि काळ्या कोटातलं सगळं गायकमंडळ अर्धवर्तुळात उभं. दुसऱ्या ओळीत विन्डम. एलुनेडला बाहेर काढलं. ती हॅमचा ट्रे हातात धरूनच आईपाशी गेली. तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. सगळे शांत. मंडळाच्या प्रमुखाने हात वर केला. आता तो सूर देणार, एवढ्यात गेथिन उतरायला गेला.

डोंगरावरचे सगळे खड्डे एकदम हिशेब मागायला आले. किल्ली पाडायचं राहिलं, आभाळ बघायचं राहिलं, स्तोत्राचं तर नावच नको. छातीच्या तळापासून, ढोलीतून वारा निघावा तसा एक लांब, खर्जातला, जिवंत आवाज निघाला. "आऽऽऽऽ आई गंऽऽऽ!"

सगळ्या माना वळल्या. विन्डमचं तोंड उघडलं.

पण खर्जवाल्यांना वाटलं सूर मिळाला. त्यांनी तो उचलला. मग वरच्या पट्टीवाल्यांना उचलावाच लागला, आणि सगळं स्तोत्र नेहमीपेक्षा तीन पट्ट्या खाली, जमिनीच्या पोटातून आल्यासारखं सुरू झालं. विन्डमही खर्जात होता, त्याचं उघडलेलं तोंड गाण्यातच गेलं. असं भारी आमचं मंडळ त्याआधी कधी गायलं नव्हतं आणि नंतरही नाही. कार्डिफवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले.

गाणं संपल्यावर एलुनेडने एका हाताने ट्रे सांभाळत दुसऱ्या हाताने गेथिनला जवळ ओढलं. "इतकी माणसं पोचवलीस तू, गेथिन, पण तुझ्या डोळ्यात कधी थेंब नाही की तोंडातून शब्द नाही म्हणतात. आणि माझ्या आईसाठी..."

गेथिन तिच्या मिठीत वाकलेलाच राहिला. कंबर अजून सरळ झाली नव्हती.

विन्डम नेरिसजवळ सरकला. "वहिनी, ऐकलंत ना? स्पष्ट 'आई गं' होतं."

"हो, ऐकलं."

"मग गाडी..."

"विन्डम," नेरिस तितक्याच हळू म्हणाली, "तू जा आणि त्या बाईला सांग की ते तिच्या आईसाठी नव्हतं, कमरेसाठी होतं. मी इथेच उभी आहे. जा."

विन्डम एलुनेडकडे बघत राहिला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि बसकडे गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच होती. गाडीभर हॅमचा वास भरला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

"खरं सांग," नेरिस म्हणाली. "ते कशासाठी होतं?"

गेथिनने विचार केला. "सुरुवात कमरेची होती," तो म्हणाला. "शेवट मला नक्की माहीत नाही."

चार दिवसांनी संत डेव्हिडचा सण आला. गाडी राहिली. गेथिनला आशा होती की डोंगरावरच्या त्या धावेनंतर गाव त्याला काहीतरी दमदार नाव देईल. दिलंही. आता त्याला सगळे 'गेथिन हॅम' म्हणतात, आणि मला विचाराल तर नातवंडांपर्यंत पुरेल असं नाव आहे.

त्या सकाळी तो नेरिसला घेऊन चॅपलला आला. गाडी फाटकाच्या तोंडाशी लावली. इंजिन बंद केलं, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, ओठ घट्ट मिटले आणि किल्ली पाडायला बोटं सैल केली.

"थांब जरा," नेरिस म्हणाली.

तिने कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकून चेन लावली.

"हं. उतर आता."